रात्रपाळीला कोण आहे?

चितेगावात एखादीला सातवा महिना लागला की घरातल्या बोलण्याचा विषय ठरलेला असतो: घाटीचं सरकारी रुग्णालय की खासगी? छत्रपती संभाजीनगरच्या पैठण रोडवर कारखान्यांच्या आधाराने वाढलेलं हे गाव. भाड्याच्या खोल्यांमधून बीड, जालना, परभणीकडची, काही थेट बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कामगार कुटुंबं राहतात. सासू म्हणते बिडकीनचं ग्रामीण रुग्णालय जवळ पडेल. शेजारीण म्हणते, शहरातल्या अमक्या मॅडमचा हात हलका आहे, पण तिथे आधी डिपॉझिट भरावं लागतं. नवरा मनातल्या मनात हिशेब करतो. आशाताई माता-बाल संरक्षण कार्ड भरताना सरकारीच बरं म्हणते, आणि ते तिला म्हणावंच लागतं असं समजून घरचे मान डोलावतात.

त्याच गल्लीत परिचारिकेचा जीएनएम अभ्यासक्रम करून बाहेर पडलेली एखादी मुलगी तीच नावं घेऊन बसलेली असते. तिला तिथे बाळंत व्हायचं नसतं, कामाला लागायचं असतं. प्रसूतिकक्षात लागावं की आयसीयूत, ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात की गल्लीतल्या मॅटर्निटी होममध्ये, की सरकारी भरतीची वाट बघावी? तिचे प्रश्न वेगळे असतात. रात्री किती जणी असतात? बॉण्ड लिहून घेतात का? डॉक्टरांना फोन केला तर ते येतात, की फोन केल्याबद्दल रागावतात?

माझं म्हणणं असं की पहिलीने दुसरीची यादी मागून घ्यावी. बाळंतपणासाठी दवाखाना पारखण्याच्या आपल्या रूढ कसोट्यांपेक्षा नोकरी शोधणाऱ्या परिचारिकेच्या कसोट्या कितीतरी अधिक खऱ्या आहेत. पण यात एक मोठी अडचण आहे. आपल्या शहरात अनुभवी हात आणि मोकळी खाट एका छताखाली सहसा मिळत नाहीत.

घरचे दवाखाना कसा पारखतात ते पाहा. पॅकेज किती, नॉर्मल करतात की सिझर, खोली एसी आहे का, कुणाची ओळख आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचं, डॉक्टर कोण. या पाचही प्रश्नांत एक गृहीत आहे, की बाळंतपण डॉक्टर करतात. अवघड प्रसंगी ते करतातच, आणि तेव्हा त्यांच्यावाचून चालत नाही. एरवी मात्र पहिलटकरणीच्या कळांची सक्रिय अवस्था बारा तासांपर्यंत चालू शकते आणि त्यापुढे बाळ बाहेर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. एवढा वेळ कुणाही डॉक्टरने एका बाईजवळ बसून राहणं शक्य नाही. या काळात बाळाचे ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी ऐकायचे असतात आणि शेवटच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी. रक्तदाब बघायचा, कळा मोजायच्या, पाणी गेलं तर त्याचा रंग बघायचा, बाळाने पोटात शी केली असेल तर ते ओळखायचं. नंतरच्या दोन तासांत अंगावरून किती जातंय यावर डोळा ठेवायचा. ही सगळी कामं सिस्टरची. डॉक्टरला कधी बोलवायचं हेही तीच ठरवते, म्हणजे डॉक्टरचं कौशल्य बाईपर्यंत वेळेत पोचेल की नाही, तेसुद्धा तिच्याच हातात असतं. ज्या माणसावर इतकं अवलंबून आहे त्याच्याविषयी आपण एकही प्रश्न विचारत नाही.

दोन दवाखान्यांची तुलना बायकांनी आधी केली आणि ती खरी ठरली, याचं इतिहासातलं सर्वांत बोलकं उदाहरण व्हिएन्नाचं आहे. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कुठल्या दिवशी आलेल्या बाईला कुठल्या विभागात घ्यायचं, हे आळीपाळीने ठरायचं. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने शंभरात सुमारे दहा बाया दगावत, दुसऱ्यात चारपेक्षा कमी. गावातल्या बायांना हे पक्कं ठाऊक होतं. पहिल्या विभागाच्या दिवशी आलेल्या बाया हातापाया पडून दुसऱ्या विभागात घ्या म्हणत, काही तर रस्त्यातच बाळंत होणं पत्करत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने ती भीती अडाणीपणाची मानली नाही. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांतून रोग जातो हे त्याने हेरलं आणि १८४७ मध्ये क्लोरीनच्या द्रावणात हात धुणं सक्तीचं केलं. पहिल्या विभागाचा मृत्युदर काही महिन्यांतच दुसऱ्याच्या बरोबरीला आला. वरिष्ठांनी त्याला मानलं नाही, ती पुढची दुःखद गोष्ट. माझं लक्ष त्या बायांकडे जातं. त्यांच्याकडे आकडे नव्हते, जंतुशास्त्र तर कुणाकडेच नव्हतं, पण कोणाच्या हाती आपण पडणार हाच खरा प्रश्न आहे, एवढं त्यांना कळलं होतं.

आता घाटी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय हे तिचं कागदावरचं नाव, स्थापना १९५६ ची. पण रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे घाटीच म्हणतात. मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांतून आणि शेजारच्या बुलढाणा-नगरकडूनही अडलेल्या बाया इथे येतात. चितेगावहून यायचं तर कांचनवाडी, नक्षत्रवाडी मागे टाकत शहरात शिरायचं आणि सगळं शहर ओलांडून पाणचक्कीच्या बाजूला यायचं. प्रसूती वॉर्डात एका खाटेवर दोघी आणि खाली गाद्या, हे दृश्य कुणाला नवं नाही. लोक घाटीला घाबरतात ते या गर्दीला, अस्वच्छतेला आणि बोलण्याच्या पद्धतीला. ती भीती खोटी नाही.

तरीसुद्धा कामाच्या दृष्टीने पाहा. झटके आलेली बाई, वार सुटण्याआधीच रक्तस्राव सुरू झालेली, आडवं बाळ, जुळी, हिमोग्लोबिन सहाच्या खाली गेलेली, हे सगळं इथल्या परिचारिकेच्या नजरेखालून इतक्या वेळा गेलेलं असतं, की एखाद्या खासगी प्रसूतिगृहातल्या सिस्टरला तितकं बघायला अनेक वर्षं लागतील. रक्तपेढी आवारात, भूलतज्ज्ञ आवारात, नवजात बालकांचा विभाग आवारात. रात्री तीन वाजता निवासी डॉक्टर जागे असतात, त्यांना घरून बोलवावं लागत नाही. बाळंतपण बिघडलं तर मराठवाड्यातलं सुरक्षित ठिकाण कोणतं, असं एखाद्या डॉक्टरला खासगीत विचारलं, तर उत्तर बहुधा घाटीच येईल. ते बिघडलं नाही तर मात्र तिथे जाण्याची कुणाची इच्छा नसते. एकाच संस्थेविषयी ही दोन्ही मतं खरी असणं, हीच या शहराची अडचण आहे.

याच कारणाने मृत्यूच्या आकड्यांवरून रुग्णालयं तोलणं धोक्याचं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं होती. पाठोपाठ घाटीतही चोवीस तासांत १८ मृत्यूंची बातमी आली. औषधं, मनुष्यबळ, खरेदीचा गोंधळ यांवर तेव्हा बोलायलाच हवं होतं आणि लोक बोललेही. पण दुसरी बाजू फारशी कुणी धरून ठेवली नाही. खासगीतले पैसे संपल्यावर, किंवा पेटीतल्या बाळाची आशा सुटल्यावर, ते बाळ सरकारी रुग्णालयाकडे पाठवलं जातं आणि मृत्यूची नोंद तिथल्या वहीत होते. जिथून ते निघालं त्या दवाखान्याची पाटी कोरी राहते. घाटीच्या माथ्यावर साऱ्या विभागाचे मृत्यू आणि लहान प्रसूतिगृहांच्या माथ्यावर शून्य, अशी तुलना करणं म्हणजे गावातल्या सगळ्या विहिरींचा गाळ एका विहिरीत टाकून तिचंच पाणी गढूळ म्हणण्यासारखं आहे. कुठल्याही प्रसूतिगृहाला विचारायचा आकडा वेगळाच आहे: मागच्या वर्षी तुम्ही किती जणींना दुसरीकडे पाठवलं, आणि किती उशिरा?

बोलण्याच्या पद्धतीवर जरा थांबलं पाहिजे. प्रसूतिकक्षात बाईला खेकसणं, मांडीवर चापट मारणं, "तेव्हा बरं वाटलं होतं का" असं घाणेरडं बोलणं, हे महाराष्ट्रात कुणाही बाळंतिणीला विचारा, तिने भोगलेलं नाही तर ऐकलेलं असतं. सिस्टर दुष्ट असते म्हणून हे घडतं, असं मला वाटत नाही. तीन टेबलांवर तिघी ओरडत आहेत, चौथी व्हरांड्यात फेऱ्या मारते आहे आणि वहीत आठ नोंदी राहिल्या आहेत, अशा वेळी माणूस आवाज चढवतो. हे कारण झालं, समर्थन नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत प्रसूतीच्या प्रत्येक टेबलामागे एक परिचारिका धरलेली आहे, आणि शैक्षणिक रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक. हा निकष पाळणारं सार्वजनिक रुग्णालय शोधायला निघालात तर बराच प्रवास होईल. २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'लक्ष्य' हा कार्यक्रम आणला. सन्मानाने वागणूक, बाईजवळ तिच्या विश्वासाची सोबतीण, प्रसूतिकक्षातल्या परिचारिकांची सारखी बदली न करणं, असे चांगले मुद्दे त्यात आहेत. मुंबईच्या 'सेहत' या संशोधन संस्थेने त्याआधीपासून डॉक्टरांच्या शिक्षणातच लिंगभावाचा विचार आणण्याचं काम केलं, आणि त्यात घाटीचे व मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाचे अध्यापक सहभागी होते. म्हणजे बदल हवा असलेली माणसं आत आहेत. पण सोबतीणीला आत घ्यायचं तर टेबलांमध्ये पडदा हवा, आणि पडद्यासाठी दोन टेबलांमध्ये जागा हवी.

मग खासगीत जावं का? तिथे पडदा आहे, खोली आहे, नातेवाईक बसू शकतात, सिस्टर "ताई" म्हणून बोलते. यातलं काही कमी लेखण्यासारखं नाही. बाळंतपणाच्या आठवणी बाई जन्मभर बाळगते. पण तिथली सिस्टर कोण आहे? महाराष्ट्रात नोंदणीकृत परिचारिका म्हणजे राज्य परिचर्या परिषदेकडे नाव असलेली, एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं किंवा बीएस्सी चार वर्षांचं शिक्षण घेतलेली बाई किंवा पुरुष. पांढरा एप्रन मात्र कुणालाही घालता येतो. बारावीनंतर डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेल्या मुली लहान दवाखान्यांत सिस्टर म्हणून वावरतात हे उघड गुपित आहे. त्यांतल्या काही अतिशय हुशार असतात. त्यांचा दोष एवढाच, की त्यांना पदवी नसल्याने जास्त पगार मागता येत नाही, आणि मालकाला नेमकं तेच सोयीचं असतं.

पगाराचं सांगायचं तर २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर केंद्राला समिती नेमायला लावली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारीच्या बरोबरीने पगार द्यावा, शंभराहून अधिक खाटा असतील तर तो सरकारीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी नसावा, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्क्यांहून जास्त कमी नसावा, आणि पन्नासच्या आत असलेल्या दवाखान्यांतही महिन्याला किमान २०,००० रुपये मिळावेत, अशा शिफारशी समितीने केल्या. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आज एखाद्या वीस खाटांच्या प्रसूतिगृहात जाऊन हा आकडा उच्चारून बघा. समोरचे हसतील. म्हणून तिथली परिचारिका टिकत नाही. अनुभव पदरात पडला की ती मोठ्या रुग्णालयात जाते, तिथून पुण्याला, जमलं तर आखातात, आणि तिची जागा नवखी घेते. त्या प्रसूतिगृहातल्या मॅडमना पंचवीस वर्षांचा अनुभव असेल, पण रात्री दोनला बाळाचे ठोके ऐकणाऱ्या मुलीला पाच महिन्यांचा.

सिझरचा प्रश्नही मला इथेच येऊन मिळालेला दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं शस्त्रक्रियेने झालेली आढळली, आधीच्या फेरीत हे प्रमाण २०.१ टक्के होतं. देशभराचा विचार केला तर सरकारी ठिकाणी १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. यावर आपली प्रतिक्रिया तयार असते: डॉक्टर पैशांसाठी कापतात. काही कापतातही. पण एका डॉक्टरच्या, दहा खाटांच्या दवाखान्याच्या जागी उभं राहून बघा. संध्याकाळी सहा वाजता पहिलटकरीण आली आहे, पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलं आहे. रात्रभर दर अर्ध्या तासाने ठोके ऐकेल आणि बिघाडाची पहिली खूण ओळखेल, अशी परिचारिका हाताशी नाही. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, पहाटे चारला येतीलच याची खात्री नाही. काही बिघडलं तर नातेवाईक काचा फोडतील. अशा वेळी रात्री नऊला सिझर करून मोकळं होणं डॉक्टरला शहाणपणाचं वाटतं, आणि त्याच्या परिस्थितीत ते कधीकधी असतंही. नैसर्गिक बाळंतपणासाठी वाट बघावी लागते आणि वाट बघायला जागं माणूस लागतं. ते माणूस पगार देऊन ठेवायचं नसेल, तर त्याची किंमत बाईच्या पोटावर वसूल होते. सिझरच्या दरावर लेखापरीक्षणाची भाषा करणारे लोक परिचारिकांच्या संख्येवर बोलत नाहीत, तोवर मला त्या भाषेचा फारसा भरवसा वाटत नाही.

शहरात तिसरी वाट आहे, विश्वस्त संस्थांची मोठी रुग्णालयं. गारखेड्यातलं डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून आहे. बीड बायपासवरचं कमलनयन बजाज, सिडकोतलं एमजीएम, जालना रोडवर चिकलठाण्याला सेठ नंदलाल धूत रुग्णालय. चितेगावकरांना धूत हे नाव कारखान्यामुळे माहीत. धूत घराण्याच्या व्हिडिओकॉन कंपनीच्या पैठण रोडवरच्या प्रकल्पाने या गावाचा चेहरा बदलला, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यावर गावाचे दिवसही पालटले. त्या घराण्याच्या नावाचं रुग्णालय मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अशा रुग्णालयांत नोंदणीकृत परिचारिका आणि चोवीस तास भूलतज्ज्ञ मिळण्याची शक्यता लहान प्रसूतिगृहापेक्षा नक्कीच जास्त. आणि धर्मादाय रुग्णालय म्हणून नोंद असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार बंधनकारक आहे. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला सातव्या महिन्यातच काढून ठेवावा, कळा सुरू झाल्यावर तहसील उघडं नसतं.

आपल्याकडच्या तुलनेत आणखी एक गुंता आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. चितेगावात राहणारी मूळची गेवराईची किंवा परतूरची मुलगी आठ महिने इथे तपासते, सोनोग्राफी शहरात होते, आणि डोहाळजेवण झालं की ती एसटीने माहेरी जाते. आठ महिने जिने तिचा रक्तदाब बघितला ती सिस्टर एका जिल्ह्यात आणि बाळंतपण करणारी दुसऱ्याच. कार्ड पिशवीत राहिलं तर सगळं नव्याने सांगायचं. ही रीत मोडा असं मी म्हणणार नाही. आईजवळ असण्याने बाईला जो धीर मिळतो तो कुठल्याही रुग्णालयात विकत मिळत नाही, आणि सोबतीणीचं महत्त्व आता जागतिक आरोग्य संघटनाही मान्य करते. पण दवाखाना ठरवायचा तर तो माहेरच्या गावातला ठरवायचा, आणि तोही नववा महिना लागण्याआधी, एवढं लक्षात घ्यावं.

आणि बिडकीन? जवळचं ग्रामीण रुग्णालय म्हणून त्याला कमी लेखण्याची घाई करू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी ठिकाणी बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. साधं बाळंतपण जवळच्या ठिकाणी, ओळखीच्या माणसांत होणं हेच बरं. अशा ठिकाणाकडून मोठी शस्त्रक्रिया अपेक्षित नसते. बिघाड लवकर ओळखणं, पहिले उपचार करणं आणि वेळेत पुढे पाठवणं, हे अपेक्षित असतं. बाळंतपणानंतर जास्त रक्त जाऊ लागलं तर हातात फार वेळ नसतो, आणि नुसत्या डोळ्यांनी रक्ताचा अंदाज हमखास चुकतो. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बाईखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचं आणि ठराविक रेषेला पोचलं की मसाज, इंजेक्शन, ट्रानेक्सॅमिक अॅसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, एवढीच युक्ती. गंभीर परिणामांचं प्रमाण साठ टक्क्यांनी घटलं. ही मोजणी आणि ही पहिली पावलं परिचारिका आणि सुइणींनी उचलली होती.

उलट उदाहरणही दिलं पाहिजे. उत्तर प्रदेशात दीड लाखाहून अधिक बाळंतपणांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिकांना सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी दिली, प्रशिक्षकही दिले. त्यांचं काम सुधारलं, मृत्यू मात्र घटले नाहीत. यादी हातात असून रक्त, औषध आणि पुढे हाक मारायला माणूस नसेल, तर एकटी सिस्टर काय करणार? परिचारिकेची बाजू घेताना सगळा भार तिच्या डोक्यावर ठेवण्याचा मोह मलाही होतो, म्हणून हे आठवून ठेवतो.

दवाखान्याच्या आधीचंही पाहिलं पाहिजे. पैठण तालुक्यातच, पाचोडला, डॉ. अशोक दयालचंद यांची आरोग्य व्यवस्थापन संस्था काही दशकं काम करते आहे. किशोरवयीन मुलींचं लग्न लांबवणं आणि त्यांचं रक्त वाढवणं यावर तिथे बराच प्रयत्न झाला. महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयी होत्या, आणि वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं, असं तीच पाचवी पाहणी सांगते. साडेसात हिमोग्लोबिन असलेली सतरा वर्षांची मुलगी कुठल्याही दवाखान्यात गेली तरी तिचा धोका तिच्याबरोबर आत जातो. दवाखान्यांची तुलना आपण शेवटच्या टप्प्यावर करतो, इतकंच.

परत त्या जीएनएम झालेल्या मुलीकडे येऊ. तिच्या मनात सरकारी नोकरी पहिली. पगार, पेन्शन, सुट्टी, समाजात मान. पण कायम भरती होते कधी? मधल्या काळात राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी जागा, अकरा महिन्यांचा करार, पुन्हा अकरा महिने. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरच्या परिचारिका बाह्यस्रोताने भरती करण्याविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांचे हाल झाल्याच्या बातम्या आल्या. कंत्राटी सिस्टरच्या हाती प्रसूतिकक्ष देण्यामुळे रुग्णांचं काय होईल, हा संपाचा मूळ विषय मागे पडला. खासगीत तिच्यापुढचा व्यवहारी प्रश्न वेगळा: दुपारची पाळी रात्री आठ-नऊला सुटली तर पैठण रोडने चितेगावला परत कशी येऊ? रुग्णालयाची गाडी नसेल तर बाप नोकरीला पाठवत नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने (१९०९) मराठी स्त्रियांना परिचारिकेचं शिक्षण द्यायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांची हरकत साधारण अशीच होती: रात्री, परक्या माणसांत, कसं काय?

शिवाय तिला सुईण म्हणून वाढताच येत नाही. प्रसूतीची उत्तम जाणकार झाली तरी तिला वॉर्ड बदलून पाठवतात, आणि बढती म्हणजे हजेरीपुस्तक सांभाळणं. २०१८ मध्ये केंद्राने सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. परिचारिकांना अठरा महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन साधी बाळंतपणं त्यांच्या जबाबदारीवर सोपवायची, असा तो विचार. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने हे आधीच करून दाखवलं होतं. मराठवाड्याला हैदराबाद परकं नाही, एके काळी राजधानीच होती. तिथलं इतर पुष्कळ आपण उचललं, हेही उचलायला हरकत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की चितेगावातल्या भाडेकरू बाईला निवडीचा हक्क आहेच कुठे? तिला जिथे नेतील तिथे ती जाणार. खरं आहे. म्हणून हे प्रश्न तिच्या एकटीवर सोडून भागणार नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये बदल झाले आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. त्याच भिंतीवर आणखी तीन ओळी लावायला सांगा: आजच्या प्रत्येक पाळीत प्रसूतिकक्षात किती नोंदणीकृत परिचारिका आहेत, मागच्या वर्षी शंभरातली किती बाळंतपणं सिझरने झाली, आणि किती बायांना दुसरीकडे पाठवलं. हा नियम घाटीला, बिडकीनला आणि गल्लीतल्या प्रसूतिगृहाला सारखाच लावा. पहिल्या वर्षी खोटे आकडे लागतील, त्याची काळजी करू नका. खोटा आकडा भिंतीवर असला की निदान तो खोटा आहे असं तिथल्याच सिस्टरला म्हणता येतं.

तो नियम येईपर्यंत घरच्यांना करता येण्यासारखं एक काम आहे. ठरवलेल्या दवाखान्यात दुपारी जाऊन डॉक्टरांना भेटतोच, तसं एकदा रात्री दहानंतर जावं. आत्ता प्रसूतिकक्षात कोण आहे, किती वर्षं इथे आहे, आणि अडचण आली तर कुणाला फोन करते, एवढं विचारावं. सिस्टर नाव घेऊन सांगते, की वॉचमनकडे बोट दाखवलं जातं, यावर डिपॉझिट भरायचं की नाही ते ठरवता येईल.